पावडरीचा डबा उघडण्याआधी गव्हाण बघा : कालवड, वगार, खोंडाच्या वाढीसाठी काय कामाचं आणि काय नुसता खर्च

मोबाईलवर सध्या एका प्रकारचे व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरतात. परदेशातला मोठा गोठा, ओळीनं उभे असलेले चकचकीत अंगाचे बैल आणि खाली आकडा, 'रोज दीड किलो वजनवाढ'. शेवटी पावडरीचा डबा आणि एक फोन नंबर येतो. बघणाऱ्याच्या दावणीला हाडं वर आलेली कालवड उभी असते. साहजिकच वाटतं, हा डबा आणला तर आपलंही जनावर असं होईल.

डबा येतो. महिना दोन महिने रोज चमचाभर पावडर पेंडीत जाते. कुणाला थोडा फरक वाटतो, बऱ्याच जणांना काहीच वाटत नाही. मग 'पावडरी सगळ्या फसव्या' असं म्हणून डबा माळ्यावर जातो.

खरं तर सगळ्या पावडरी फसव्या नाहीत. काही पूरकं खरोखर काम करतात, त्यामागं शास्त्र आहे. पण परदेशातल्या त्या गोठ्याचं दुखणं वेगळं आणि आपल्या गोठ्याचं दुखणं वेगळं. तिकडचं औषध इकडच्या दुखण्याला लागू पडेलच असं नाही. हा फरक नीट समजला तर पैसे वाचतात आणि जनावरही वाढतं.

वाढ मागं पडली तर किती रुपये जातात?

आधी हिशोब पाहू. संकरित कालवड जन्मली तेव्हा साधारण 30 किलो वजनाची असते. ती 255 किलोच्या आसपास गेली की भरवण्याच्या लायक होते. म्हणजे मधे 225 किलो वजन वाढायला हवं.

रोज 450 ग्रॅम वाढ मिळाली तर हे 225 किलो 500 दिवसांत भरतं. म्हणजे साधारण सतरा महिन्यांची कालवड भरवता येते.

रोज 250 ग्रॅमच वाढ मिळाली तर तेवढ्याच वजनाला 900 दिवस लागतात. म्हणजे कालवड अडीच वर्षांची होते, तरी नीट माजावर येत नाही.

दोन्हीत फरक 400 दिवसांचा. एका कालवडीचा चारा, पेंड, पाणी, मजुरी मिळून रोजचा खर्च 80 रुपये धरला, तर नुसत्या उशिराचे 32 हजार रुपये झाले. शिवाय वर्षभराचं दूध गेलं ते वेगळंच. हा पैसा एकदम खिशातून जात नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दावणीला जनावर उभं दिसतं, चारा खाताना दिसतं, एवढ्यावर समाधान मानलं जातं.

आपण जनावराला नाही, त्याच्या पोटातल्या जिवाणूंना खाऊ घालतो

गाई-म्हशींच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला सगळ्यात मोठा कोटीपोट. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरच्या वर माल मावतो. कोटीपोट म्हणजे सतत चालू असलेली भट्टीच. त्यात कोट्यवधी जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव असतात. कडबा, गवत, काड हे माणसाच्या पोटाला पचत नाही, पण हे जिवाणू ते कुजवून त्यातून आम्लं तयार करतात आणि त्या आम्लांवर जनावर जगतं. पुढं हेच जिवाणू खालच्या कप्प्यात जाऊन पचतात आणि जनावराला त्यांच्यापासून प्रथिनं मिळतात.

ही भट्टी नीट चालायला तीन गोष्टी लागतात.

पहिली, धागेदार चारा. तो असला की जनावर रवंथ करतं. निरोगी मोठं जनावर दिवसात सहा ते आठ तास रवंथ करतं आणि त्या वेळी शंभर लिटरच्या वर लाळ गिळतं. या लाळेत निसर्गानंच सोडा घातलेला असतो. पोटातलं आम्ल तोच मारतो.

दुसरी, जिवाणूंना खायला प्रथिनं आणि खनिजं. चाऱ्यात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणू सुस्तावतात, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो आणि जनावर कमी खातं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं साधारण तीन-चार टक्केच असतात. नुसत्या कडब्यावरचं जनावर पोट भरलेलं दिसतं, पण हाडं वर येतात, ती यामुळंच.

तिसरी, सवय. नवीन खाद्याला जुळवून घ्यायला जिवाणूंना दोन ते तीन आठवडे लागतात. आज कडबा, उद्या एकदम मका असं केलं की भट्टी बिघडते.

लहान वासराचं कोटीपोट जन्मतः काम करत नाही. दूध सरळ चौथ्या कप्प्यात जातं. दुसऱ्या आठवड्यापासून थोडं कोवळं गवत आणि वासरांचा सुका खुराक चाटायला मिळाला तर कोटीपोट हळूहळू तयार होतं आणि तीनेक महिन्यांत कामाला लागतं. दुधावरच ठेवलेलं वासरू दिसायला गोंडस असतं, पण त्याची भट्टी पेटलेलीच नसते.

परदेशातल्या गोठ्यात पावडर का लागते?

अमेरिकेत मांसासाठी गोऱ्हे पोसण्याचे मोठमोठे गोठे आहेत. तिथं शेवटचे चार-सहा महिने जनावराला मुख्यतः मक्यासारखं धान्यच देतात, चारा अगदी थोडा. म्हणून रोज दीड किलोपर्यंत वजन चढतं. पण एवढं धान्य खाल्ल्यावर पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, काळजाला गळू होतात. ते आटोक्यात ठेवायला तिकडे पूरकं वापरतात.

त्यातलं सर्वांत माहितीतलं म्हणजे मोनेन्सिन. अमेरिकेत जनावरांच्या खाद्यात त्याला 1975 मध्ये परवानगी मिळाली. ते पोटातले काही जिवाणू दाबतं, त्यामुळं ढेकरेवाटे वाया जाणारा गॅस कमी होतो आणि तेवढ्याच खाद्यात जास्त ताकद मिळते. काम चोख आहे, पण मात्रा चुकली तर विषारी आहे. घोड्याला आणि खेचराला तर ते थोडंही जीवघेणं ठरतं. युरोपीय देशांत 1 जानेवारी 2006 पासून वजनवाढीसाठी अशी प्रतिजैविकं खाद्यात घालायला बंदी आहे.

आपल्याकडं चित्र उलटं आहे. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल, वळू या सगळ्यांच्या कत्तलीला कायद्यानं बंदी आहे. मांसासाठी गोवंश पोसण्याचा धंदा इथं नाही. आपल्याला वाढ हवी असते ती कालवड-वगार वेळेत गाभण जावी, खोंड शेतीकामाला यावं म्हणून. आणि आपलं जनावर धान्य जास्त खाऊन आजारी पडत नाही. ते निकस चारा, खनिजांची कमतरता आणि जंत यांनी मागं पडतं. तिकडे आम्ल मारायची पावडर लागते, इकडे आधी पोटातली भट्टी पेटवायची आहे.

आपल्या दावणीची खरी दुखणी

सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात, मंगळवेढा-सांगोल्याकडं, कडबा हा मुख्य चारा. उसाच्या पट्ट्यात, माढा-माळशिरसकडं, गळिताच्या हंगामात वाढे फुकट किंवा स्वस्त मिळतात म्हणून महिनोन्महिने वाढ्यांवरच जनावरं असतात.

वाढ्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. मग जनावर माती चाटतं, चामडं, चिंध्या, हाडं चघळतं, वाढ थांबते. अशा वेळी कॅल्शियमची बाटली आणून पाजली जाते, पण सकाळ-संध्याकाळ वाढे चालूच राहतात. भोक असलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखंच हे. वाढे निम्म्यावर आणावेत, त्यात कडब्याची कुट्टी आणि लसूणघास, शेवरी असा द्विदल चारा मिसळावा. कुट्टीवर चुन्याच्या निवळीचं पाणी शिंपडावं आणि रोज खनिज मिश्रण द्यावं.

कडबा जास्त असेल तर त्याला प्रथिनांची जोड हवी. हरभऱ्याचं किंवा तुरीचं भुसकट, लसूणघास, थोडी पेंड, जे परवडेल ते. सुबाभूळही चालते, पण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर नको. त्यात केस गळायला लावणारं द्रव्य असतं.

गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा युरिया प्रक्रियेनं सुधारता येतो. 100 किलो काडाला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर देऊन शिंपडायचा, दाबून प्लॅस्टिकनं हवाबंद करायचं आणि 21 दिवसांनी उघडायचं. खायला घालण्याआधी थोडा वेळ पसरून वास जाऊ द्यायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा चारा द्यायचा नाही. आणि युरियाचं पाणी थेट गव्हाणीत किंवा पाण्याच्या टाकीत कधीच टाकायचं नाही, जनावर तासाभरात दगावू शकतं.

तिसरं दुखणं जंताचं. म्हशीच्या रेडकांना गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात. म्हणून दहा-पंधरा दिवसांचं रेडकू झालं की डॉक्टरांना विचारून पहिलं जंतनाशक द्यावं लागतं. पुढं सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा आणि नंतर शेण तपासून, निदान पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. पोटात जंत असताना दिलेली महागडी पावडर आधी जंत खातात.

कोणतं पूरक काय करतं?

*खनिज मिश्रण.* आपल्या भागात सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबं, कोबाल्ट, आयोडीन असं सगळं एकत्र असतं. वासरांना रोज 20 ते 25 ग्रॅम, वाढत्या कालवडी-वगारींना 50 ग्रॅमच्या आसपास. दुभत्या जनावराला दुधाप्रमाणे जास्त. पिशवीवर आयएसआय खूण आणि आयएस 1664 हा मानक क्रमांक आहे का बघावं. मीठ नसलेल्या चांगल्या मिश्रणात कॅल्शियम 20 टक्के आणि फॉस्फरस 12 टक्क्यांच्या आसपास असतो. नुसतं 'कॅल्शियम' लिहिलेली पांढरी भुकटी म्हणजे खनिज मिश्रण नव्हे. आणखी एक, गाईचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये. मेंढीला तांबं सोसत नाही, ते काळजात साठून अचानक दगावते.

*मीठ.* रोज 20 ते 30 ग्रॅम. स्वस्तातलं पूरक, पण पुष्कळ गोठ्यांत विसरलेलं.

*खाण्याचा सोडा.* ज्याला भरडा, पेंड जास्त जाते त्या जनावरासाठी. आम्ल मारतो. खुराकाच्या एक टक्का, म्हणजे किलोमागं 10 ग्रॅम पुरे. कडब्यावरच्या कालवडीला सोड्याची गरजच नाही, तिची लाळच पुरेशी आहे.

*यीस्ट.* जिवंत यीस्ट पोटातला उरलासुरला प्राणवायू खातं, त्यामुळं धागा पचवणाऱ्या जिवाणूंना बळ मिळतं. खाद्य बदलताना, उन्हाच्या कडाक्यात, खुराक जास्त असताना फायदा दिसतो. मात्रा उत्पादनाप्रमाणे बदलते, डब्यावर लिहिलेली पाळावी. जिवंत माल असल्यानं पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवलेला किंवा गरम आंबोणात घातलेला डबा कामाचा राहत नाही. जिवंत पेशींची संख्या आणि वापरायची शेवटची तारीख लिहिलेली नसेल तर घेऊ नये.

*प्रोबायोटिक.* उपयोगी जिवाणूंची पावडर. हगवणीतून उठलेल्या किंवा प्रतिजैविकाचा कोर्स झालेल्या वासराला मदत होते. निरोगी मोठ्या जनावराला वर्षभर घालून वजन वाढेल ही अपेक्षा ठेवू नये.

*बायपास फॅट.* कोटीपोटात न विरघळता पुढं जाऊन पचणारी चरबी. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाई-म्हशींसाठी. वाढत्या कालवडीला हे घालणं म्हणजे शाळकरी पोराला पैलवानाचा खुराक.

*टॉक्सिन बाइंडर.* बुरशीचं विष काही प्रमाणात धरून ठेवतं. पण बुरसटलेला मका, काळी पडलेली शेंगदाणा पेंड, मुरघासाचा वरचा सडका थर घालायचा आणि सोबत बाइंडर घालायचा, हे चालणार नाही. बुरशीचं विष दुधात उतरतं. दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-1 ला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं किलोला 0.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. बुरसटलेला माल उकिरड्यावरच गेला पाहिजे.

*ओवा, सुंठ, मेथी, हिंग.* जुन्या लोकांचा चूर्णाचा अनुभव खोटा नाही. तोंडाला चव येते, लाळ सुटते, गॅस कमी होतो. मंदावलेल्या जनावराला दोन-चार दिवस देणं ठीक. पण चूर्ण म्हणजे चारा नव्हे, आणि खाणं पूर्ण बंद केलेल्या जनावराला चूर्णावर ठेवून दोन दिवस घालवू नयेत.

*प्रतिजैविकं आणि कोंबडी खाद्य.* काही जण कोंबडीचं खाद्य स्वस्त मिळालं की गाईला किंवा बोकडाला घालतात. त्यात कोंबड्यांच्या रोगासाठी मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असू शकतात. मात्रा जास्त झाली तर मोठ्या जनावरालाही बाधते आणि दारात घोडं असेल तर धोका फारच. वाढीसाठी प्रतिजैविक देणं तर बंदच करावं. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या शेवटच्या उपचारांपैकी एक, म्हणून केंद्र सरकारनं 2019 मध्ये ते अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत वापरायला बंदी घातली.

बेंदूर, पोळा, लग्नसराई : मायेनं दिलेला घास नडतो

वर्षभर कडबा खाणाऱ्या बैलाला सणाच्या दिवशी पुरणपोळ्यांचा ढीग मिळतो. दारी आलेला प्रत्येक बैल ओवाळून घास दिला जातो. लग्नात उरलेला भात, बुंदी, चपात्या जनावरापुढं टाकल्या जातात. मळणीच्या वेळी दावं सुटलेलं जनावर ज्वारीच्या राशीत तोंड घालतं. पोटातल्या जिवाणूंना याची सवय नसते. गोड आणि पिठूळ मालावर आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, चांगले मरतात. काही तासांत पोट आंबतं.

खुणा अशा : रवंथ बंद होते, जनावर चारा हुंगून सोडतं, दात खातं, डावी कूस जड लागते, शेण पातळ आणि आंबट वासाचं येतं, डोळे खोल जातात, पुढं जनावर बसून राहतं आणि उठत नाही. एवढं होईपर्यंत थांबलं तर वाचवणं अवघड असतं.

अशा वेळी पिठूळ माल ताबडतोब काढून घ्यावा, फक्त सुका चारा पुढं ठेवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. किती वाजता, काय आणि किती खाल्लं हे सांगावं. सोडा, तेल, ताक काय पाजायचं आणि किती, ते डॉक्टरांना विचारूनच. बसलेल्या किंवा मान टाकलेल्या जनावराला नळीनं, बाटलीनं काही पाजू नये, ते फुप्फुसात जातं आणि पोटातून वाचलेलं जनावर न्यूमोनियानं जातं.

सण तर करायचाच. बैलाला एक पोळी पुरे, आधी त्याचं पोट कडब्यानं भरलेलं असावं, आणि दारोदार फिरवताना घास किती झाले ते धरणाऱ्यानं मोजावं.

पावडर लागू पडते का, हे घरी कसं तपासायचं?

दुकानदार म्हणतो फरक पडतो, शेजारी म्हणतो पडत नाही. टेप मोजल्याशिवाय कुणाचंच खरं मानू नये. शिवणकामाची टेप घेऊन जनावर सपाट जागी उभं करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्या. मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. उत्तर साधारण किलोत येतं.

उदाहरणार्थ घेर 50 आणि लांबी 44 असेल तर 50 × 50 × 44 = 1,10,000. याला 660 नं भागलं की 166 किलो आले. साठ दिवसांनी घेर 53 आणि लांबी 46 झाली, तर वजन 195 किलोच्या वर. म्हणजे रोज साधारण 485 ग्रॅम वाढ, आणि ही वाढ चांगली आहे.

सारख्या वयाच्या दोन कालवडी असतील तर एकीला पावडर द्या, दुसरीला देऊ नका. चारा, पेंड, पाणी दोघींना तेच. सकाळी चारा टाकायच्या आधी, त्याच माणसानं, त्याच टेपनं मोजायचं. साठ दिवसांनी दोघींची वाढ एकसारखी असेल तर डबा बंद करायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जंतनाशक, पेंड आणि पावडर एकाच दिवशी सुरू केली तर फरक कशानं पडला हे कधीच कळणार नाही.

खर्चाचाही हिशोब वहीत मांडावा. पावडर रोज दहा रुपयांची धरली तर वर्षाचे 3,650 रुपये झाले. तेवढ्यात खनिज मिश्रण, मीठ आणि जंतनाशक किती दिवस होतं, हे आपल्या दुकानात विचारून बघावं.

टेप नसली तरी दोन खुणा रोज दिसतात. जनावरं निवांत बसलेली असताना दहापैकी सहा-सात रवंथ करत असतील तर पोटं ठीक आहेत. शेणात अख्खे दाणे, फेस किंवा लांब धागे दिसत असतील तर पचन बिघडलंय. दाणे दिसले तर भरडा बारीक करावा, धागे लांब दिसले तर कुट्टी आणि प्रथिनं बघावीत. कुट्टी इंचभर लांबीची असावी. पिठासारखी बारीक केली तर जनावर रवंथच करत नाही.

डबा घेण्याआधी ही यादी वरून खाली तपासा

1. जन्मल्यावर तासा-दोन तासांत वासराला चीक मिळाला का? दिवसभरात वजनाच्या दहावा भाग, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर, दोन-तीन वेळा मिळून.

2. चोवीस तास स्वच्छ पाणी पुढं आहे का? पाणी कमी तर चारा कमी, हे सरळ गणित आहे.

3. सुका चारा, हिरवा चारा आणि द्विदल चारा यांची जोड आहे का? नुसता कडबा किंवा नुसती वाढे नकोत.

4. जंतनाशक वेळेवर झालं का? तारीख वहीत लिहिलेली आहे का?

5. खनिज मिश्रण आणि मीठ रोज जातं का?

6. वाढत्या जनावराला रोज थोडी पेंड किंवा खुराक मिळतो का? खाद्य बदललं तर दोन आठवडे हळूहळू बदललं का?

या सहाही प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील आणि तरी कालवड मागं असेल, तर डॉक्टरांना दाखवून यीस्ट, सोडा किंवा प्रोबायोटिकचा विचार करावा. त्या वेळी पूरक लागू पडण्याची शक्यता जास्त असते, कारण पोटातल्या भट्टीला सरपण मिळालेलं असतं.

एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर डब्याचे पैसे आधी तिथं खर्च करावेत. व्हिडिओतला बैल मक्यावर वाढलेला आहे. आपल्या कालवडीला कडबा, लसूणघास, चिमूटभर मीठ आणि मूठभर खनिजं एवढं जरी रोज मिळालं, तरी 400 दिवसांतले निम्मे दिवस वाचायला हरकत नाही.